न विचारता आवळलेले बोल्ट

सहा महिने कारखान्यात काम करायचं, त्याचा महिन्याच्या महिन्याला पगार घ्यायचा आणि त्या सगळ्याला शिक्षण म्हणायचं, हा प्रकार इंजिनिअरिंग कॉलेजने सुरू केला तेव्हा तो कागदावर फार देखणा दिसत होता. कागदावर बऱ्याच गोष्टी देखण्या दिसतात. पंपांच्या कारखान्यात चार महिने काढून झाले तरी त्या कॉलेजच्या एका मुलीला एक साधी गोष्ट उमगली नव्हती, की आपण इथे नक्की कोण आहोत.

ज्या इंजिनिअरने तिला मागवून घेतलं होतं तो ती यायच्या आठवडाभर आधीच नोकरी सोडून गेला होता. तिचं काम काय, हे जाताना कुणाला सांगून गेला नव्हता. डिझाइनवाल्यांना वाटे ती असेंब्लीची, असेंब्लीवाल्यांना वाटे डिझाइनची. कामगारांच्या दारातून आत यावं तर पहारेकरी म्हणे, "तुमचं दार पलीकडे," आणि पलीकडच्या दाराला तिचं कार्ड चालत नसे. जेवणाच्या रांगेतही तीच गत. बसायला जागा मिळाली ती झेरॉक्स मशीनशेजारी. त्यामुळे अर्धा कारखाना तिला झेरॉक्सवाली समजून कागद हातात देई, आणि ती बिचारी मुकाट्याने प्रती काढून देई. रिकामं बसण्यापेक्षा ते बरं.

घरी आई शाळेचे गणवेश शिवायची आणि थोरला भाऊ बस चालवायचा. "आज काय केलंस गं?" असं आईने विचारलं की तिचं ठरलेलं उत्तर होतं, "निरीक्षण." भाऊ म्हणायचा, "नुसतं बघत बसायचा पगार? माझ्यासाठीही विचार की तिथे." ती हसायची आणि विषय बदलायची. शेवटी मॅनेजरने कॉलेजच्या फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात निदान 'समाधानकारक' असं लिहिलं नाही तर सहाच्या सहा महिने पाण्यात जाणार होते. पुन्हा पहिल्यापासून सगळं. म्हणजे आईने आणखी सहा महिने शिलाईच्या मशीनवर मान मोडायची, आणि ते तिला नको होतं.

कारखान्यात तिच्याशी माणसासारखं बोलणारे एकच, टेस्टिंगचे मिस्त्री. साठीला टेकलेले, बोलण्यात भलते कंजूष. ते तिला 'कॉलेज' म्हणत. "कॉलेज, बस. बघ." झालं, संपलं बोलणं. तयार झालेला पंप ते पाण्याच्या टाकीला जोडत, पंधरा मिनिटं चालवत, कुठे थेंब गळतोय का बघत, कान देऊन ऐकत आणि परत रांगेत नेऊन ठेवत. "काय ऐकता?" म्हणून तिने एकदा विचारलं, तर म्हणाले, "पंप." आता यातून रिपोर्ट काय लिहायचा, कप्पाळ.

त्या दिवशी बारा पंप दुपारच्या ट्रकने जायचे होते. मिस्त्री जेवायला गेले आणि ती रांगेसमोर एकटी उरली. हातात ड्रॉइंग होतं. मोटर आणि पंप यांच्यामधल्या फिरत्या भागावर एक लोखंडी जाळी असते, ती चार बोल्टांनी बसवतात. तिने सहज बोट लावलं, तर एका जाळीचा चौथा बोल्ट नुसत्या हाताने फिरला. मग आणखी एकीचा. शोधता शोधता असे पाच पंप निघाले. ड्रॉइंगमध्ये तर स्वच्छ लिहिलं होतं, चारही बोल्ट कडक हवेत. तिला कोण आनंद झाला. चार महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी सापडलं होतं. तिने पाना घेतला आणि पाचही बोल्ट कडक आवळून टाकले. कुणाला विचारलं नाही. विचारायची सवयच मोडली होती, कारण उत्तर म्हणून हातात झेरॉक्सचा कागद यायचा.

थोड्या वेळाने हमाल आले आणि त्यांनी बाराही पंप गाड्यावर घालून ट्रकच्या फाटकापाशी नेले, जसे हाताला लागतील तसे.

मिस्त्री जेवून आले ते थेट तिथे गेले. एकेका जाळीच्या चौथ्या बोल्टावरून त्यांनी हात फिरवला. बाराव्यापर्यंत पोचले आणि उभेच राहिले.

"सात झाले होते," ते स्वतःशीच म्हणाले. "पाच राहिले होते. मग जेवायला गेलो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पुन्हा पहिल्या पंपापासून हात फिरवला. "की झालेच होते? झाले असतील. मीच विसरलो वाटतं."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो असा की पायाखालची वाळू सरकली. सैल बोल्ट ही मिस्त्रींची खूण होती. पंप टेस्ट व्हायचा आहे तोवर चौथा बोल्ट सैल. टेस्ट झाली की रांगेत ठेवता ठेवता आवळायचा, ते तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. ट्रकमध्ये चढवायच्या आधी आवळलेले मोजायचे आणि रजिस्टर एकदम भरायचं. असेंब्लीत हे झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं, म्हणूनच ते कुठे लिहावं किंवा कुणाला सांगावं असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं.

ट्रकवाल्याने इंजिन सुरू केलं. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी तिची गत झाली. बोलावं तर शेरा गेला, सहा महिने गेले. न बोलावं तर टेस्ट न झालेले पाच पंप कुणाच्या तरी गळ्यात पडणार. आणि मिस्त्री आपल्याच हातांकडे असे बघत होते, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. ते तिला बघवेना.

"मिस्त्रीकाका, ते मी आवळले."

"काय?"

"पाच बोल्ट. सैल होते म्हणून आवळले. पण कुठल्या पंपांचे ते लिहून ठेवलं नाही."

ते तिच्याकडे बघत राहिले. आता कानशिलात बसते की काय असं तिला वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जे होतं ते काय, हे तिला कळेना.

"तू आवळलेस? नक्की?"

"नक्की."

"पुन्हा सांग."

"मी आवळले, काका."

"बरं," ते म्हणाले, आणि ट्रकवाल्याला हाक मारून त्यांनी इंजिन बंद करायला लावलं.

बाराही पंप पुन्हा टाकीला जोडले. अकरा नीट निघाले, एकाच्या सीलमधून पाणी गळलं. ट्रक रिकामा परत गेला आणि संध्याकाळी मॅनेजरने तिला आत बोलावलं. ती खाली मान घालून गेली. मॅनेजरने ड्रॉइंग टेबलावर पसरलं.

"ड्रॉइंगप्रमाणे तू बरोबर आहेस," ते म्हणाले. "टेस्ट झाली की लगेच रजिस्टरमध्ये नोंद, हा नियम. सैल बोल्ट कुठल्या नियमात बसतो? हे सगळं तुझ्या रिपोर्टात लिही. चांगला प्रोजेक्ट होईल."

शिव्या खायला गेलेल्या माणसाच्या हातात प्रोजेक्ट ठेवला तर त्याने काय करावं? ती तशीच घरी आली. "चूक झाली म्हणून सांगायला गेले, तर शाबासकी मिळाली," ती भावाला म्हणाली.

"मग तोंड का पाडलंयस? आमच्याकडे बरोबर वागलं तरी मेमो मिळतो."

आईने मशीनवरून मान वर केली नाही. कॉलरची शिलाई संपवून दोरा तोडला आणि मग म्हणाली, "आणि त्या मिस्त्रींचं काय होणार?"

तिने रिपोर्टाची वही उघडली आणि तशीच मिटली.

सकाळी तिने एक पान लिहून मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. बोल्ट मी न विचारता आवळले, चूक माझी आहे, मिस्त्रींची नाही, एवढंच त्यात होतं. सही केली तेव्हा शेऱ्याचा रकाना डोळ्यांसमोर आला, पण सही केली. मॅनेजरने पान वाचलं, कपाळाला हात लावला आणि खणातून दुसरं पान काढून तिच्यापुढे सरकवलं. अक्षर मोठं, एकेक सुटं. मुलीला काही माहीत नव्हतं, सांगायचं मीच राहिलो, रजिस्टरही मीच वेळेवर भरत नाही, चूक माझी आहे.

"वीस वर्षं लोकांकडून खुलासे घेतोय," मॅनेजर म्हणाले. "दोन कागद आले की दोन्हींत दुसऱ्याचं नाव असतं. हे काय त्रांगडं आहे? मी कुणाचं खरं मानू?"

"दोन्ही खरे आहेत, साहेब."

मॅनेजरने बराच विचार केला आणि शेवटी मॅनेजरसारखाच केला. दोन महिने बाकी होते तरी तिच्या शेऱ्यात प्रामाणिकपणाबद्दल 'उत्कृष्ट' लिहिलं. मिस्त्रींना तीन महिने टेस्टिंगवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं.

"पण दोघांनी एकच तर लिहिलंय," ती म्हणाली.

"तू इथे शिकायला आलीस. ते कामाला आहेत."

"पगार तर मलाही देता."

मॅनेजरने फोनकडे हात नेला. फोन वाजत नव्हता, तरी उचलला.

जो शेरा तिला स्वप्नातही मिळाला नसता, तो घेऊन ती स्टोअरमध्ये गेली. आनंद व्हायला हवा होता आणि होत नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावं, तर यात संन्यासी कोण आणि चोर कोण, तेच कळत नव्हतं. मिस्त्री खोक्यांच्या मधोमध स्टुलावर बसून वॉशर निवडत होते.

"काय मिळालं?" त्यांनी विचारलं.

"उत्कृष्ट."

"झकास."

"काका, माझ्यामुळे तुम्ही इथे. मला माफ करा. तुम्ही ते पान लिहायलाच नको होतं."

मिस्त्रींनी हातातले वॉशर खाली ठेवले. एवढं मोठं बोलणं त्यांच्या तोंडून तिने पूर्वी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही.

"माझा थोरला भाऊ लेथवर होता. असाच विसरायला लागला. आधी हत्यारं कुठे ठेवली ते, मग घरचा रस्ता, शेवटी मला. त्या दिवशी बाराही बोल्ट कडक लागले ना, तेव्हा मला वाटलं, आलं. आपल्याकडेही आलं. बायकोला कसं सांगायचं, त्याचाच विचार करत होतो मी. तेवढ्यात तू म्हणालीस, मी आवळले." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरला. "तू गप्प बसली असतीस तर मी आजही तेच मानून बसलो असतो. स्टोअरचं काय घेऊन बसलीस, पोरी."

त्यांनी तिला पहिल्यांदाच 'कॉलेज'ऐवजी 'पोरी' म्हटलं होतं. ती एका खोक्यावर बसली आणि तिला रडू फुटलं, आणि मिस्त्रींनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही.