मंत्र्यांकडे पाठ केलेली डिश

बासिलियाआजीची नात चार महिन्यांची झाली, पण आजीनं अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. लेक लिडिया तिकडे परदेशात, ब्वेनोस आइरेसला शिवणकामाच्या कारखान्यात. मालक मोठा दिलदार, जेवायला चांगली वीस मिनिटं सोडायचा! आज मात्र त्यानं अकरा ते बारा अख्खा तास दिला होता. कारण आज मंत्री गावात येणार, देशाच्या स्वतःच्या उपग्रहावरून इंटरनेट सुरू करणार आणि आजी सगळ्यांदेखत शाळेच्या टीव्हीवर लेकीला-नातीला बघत बोलणार.

एफ्राइन मास्तरांनी तीन दिवस खपून शाळेच्या अंगणात डिश बसवली होती. काल तिच्यावर सगळ्या गावानं फुटबॉल पाहिला.

साडेदहाला राजधानीहून स्वागत अधिकारी उतरला. डिश बघताच त्याच्या कपाळाला आठ्या.

"हे काय? मंत्र्यांच्या मंचाकडे हिची पाठ?"

"साहेब, उपग्रह उत्तरेला आहे," मास्तर म्हणाले. "तो काही जागचा हलत नाही."

"मग डिश हलवा! फोटोत काय पाठ येणार?"

"अहो, पण..."

"मास्तर, नोकरी कायम व्हायचीय ना तुमची?"

डिश हलली. मंत्र्यांच्या खुर्चीकडे तोंड करून अदबीनं उभी राहिली.

मंत्री उगवले पावणेबाराला. "आता आकाश आपलं!" असं तीनदा म्हणाले. आजीला टीव्हीच्या काळ्या पडद्यापुढे बसवलं.

"आजी, हसा," अधिकारी कुजबुजला. "दिसतंय असं दाखवा."

"काय दाखवू? माझं कपाळ?"

तेवढ्यात मंत्र्यांनी माइक पुढे केला. "काय आजी, नात कोणासारखी?"

आजीनं पडद्याच्या काचेत निरखून पाहिलं. "तुमच्यासारखीच हो, साहेब. दुसरं कुणी दिसतच नाही यात."

गाव खो खो हसलं. मंत्र्यांना ते कौतुकच वाटलं. स्वागताला डोक्यावर उधळलेले रंगीत कागदाचे तुकडे झटकत ते गाडीत बसले.

धुरळा खाली बसायच्या आत मास्तरांनी डिश उत्तरेला फिरवली. पडदा उजळला, तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. लिडियानं वाट पाहून फोन मागच्या फळीवर तसाच चालू ठेवला होता आणि बिचारी कामाला बसली होती.

"लिडिया! अगं पोरी, मागे बघ!" आजी ओरडली. मशिनींच्या खडखडाटात कोण ऐकतंय?

पडद्यावर लेकीची वाकलेली पाठ होती आणि त्या पाठीला बांधलेल्या गाठोड्यातून एक लाल टोपी डोकावत होती. टोपी आजीनंच विणून पाठवली होती. तेवढी मात्र तिनं लगेच ओळखली.