ड्रायव्हर, एक हिवाळा वगळून

अभिमन आबांनी उमेदीची सगळी वर्षं लष्कराचा ट्रक चालवला आणि कागदोपत्री ते स्वयंपाकी म्हणून निवृत्त झाले. यात लष्कराची चूक थोडी आणि वांग्यांची जास्त.

झालं असं, की पहाडातल्या एका ठाण्यावर, बादलीतलं पाणी गोठायच्या थंडीत, कुठून तरी चांगली भरताची वांगी आली. लंगरचा, म्हणजे लष्करी भटारखान्याचा आचारी परमुलखातला, माणूस भला, पण त्यानं ती वांगी पातेल्यात उकडायला घातली. अमळनेर तालुक्यातला माणूस बरंच काही सहन करतो. तो एसटीची वाट बघतो, लग्नात टोपी-टॉवेलाचे सत्कार संपेपर्यंत उपाशी बसतो. पण भरताचं वांगं डोळ्यांदेखत उकडलेलं त्याला बघवत नाही. आबा ट्रकखालून ग्रीसच्या हातांनी उठले, आचाऱ्याला बाजूला सारलं, वांगी विस्तवावर भाजली, लसूण-मिरची ठेचली आणि भरीत घोटलं. मोठ्या साहेबांनी ते खाल्लं, बोटं चाटली आणि हुकूम सोडला : हा माणूस आजपासून लंगरमध्ये.

हिवाळा सरला, साहेबांची बदली झाली, आबा परत ट्रकवर गेले. त्यांचा कागद मात्र लंगरमध्येच राहिला. तिथं ऊब होती, म्हणून असेल. निवृत्त होताना हातात जे पुस्तक पडलं, त्यात हुद्द्यापुढे ‘स्वयंपाकी’ असं स्वच्छ टाईप केलेलं. आबांनी वाचलं आणि मनात म्हटलं, बघतंय कोण.

कमलबाईंनी बघितलं. त्या सातवी शिकलेल्या होत्या आणि नवऱ्याचा कोणताही कागद दोनदा वाचायच्या.

“हे आधी बदलून आणा,” त्या म्हणाल्या.

“बघू.”

“बघू नका. आणा.”

“अगं, पेन्शन तेवढीच मिळणार.”

“मी पेन्शनचं म्हटलं का?”

त्या कशाचं म्हणत होत्या हे आबांना ठाऊक होतं. सुट्टीवर आले, की वांग्याची आणि साहेबाची गोष्ट आबा स्वतःच गावभर सांगायचे. गोष्ट रंगायची. त्यात बर्फ होता, साहेब होता, बोटं चाटणं होतं. घाटातल्या रस्त्याच्या गोष्टीत असं काही नव्हतं. तिथं एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि मधे ट्रक. ती त्यांनी फक्त कमलबाईंना सांगितली, तीही एकदाच. मग व्हायचं ते झालं : गावानं त्यांना आचारीच धरलं. रेडिओवर पहाडात दरड कोसळल्याची बातमी आली, की कमलबाई भाकरी थापता थापता थांबायच्या. शेजारच्या कुंदाबाई नि बाकीच्या बाया म्हणायच्या, “कमल, तुना नवरा त चूल फुकस. त्याले कसानं मरन?” आणि सगळ्या हसायच्या.

“माझी भीती खोटी नव्हती,” कमलबाई म्हणाल्या होत्या. “एवढं कुठंतरी लिहून येऊ द्या. मग मी बघते एकेकीला.”

आबा ‘बघू’ म्हणाले आणि शेतावरच्या भरीत पार्टीला गेले. थंडी पडली, की त्यांना बोलावणी यायची. पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ पेटायचा, कोणीतरी ओरडायचं, “आबा, मिलिटरीचं भरीत होऊन जाऊ द्या!” आणि आबा बाह्या वर करायचे. स्वयंपाकी हा हुद्दा कागदावर वाईट दिसत असेल, पण शेतात त्याला फार मान होता. असे हिवाळे जात राहिले. कमलबाई दरवर्षी आठवण करायच्या, मग एक वर्षाआड, मग त्यांनी सोडून दिलं. गेल्या दिवाळीनंतर त्या तापाचं निमित्त होऊन गेल्या.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आबा पुस्तक पिशवीत घालून जळगावला गेले.

तिथल्या कचेरीत माजी सैनिकांच्या कामाच्या टेबलावर कामिनी नावाची तरुण मुलगी होती. तिनं पुस्तक उलटून पाहिलं.

“आबा, पेन्शन वेळेवर येते ना?”

“येते.”

“हुद्दा बदलून त्यात काही वाढ होणार नाही बरं का.”

“ठाऊक आहे.”

“मग एवढ्या वर्षांनी कशाला?”

याचं उत्तर आबांनी एसटीत पाठ केलं होतं. त्यात सत्य, सेवा आणि स्वाभिमान असे तीन जड शब्द होते. ऐनवेळी एकही आठवला नाही.

“घरच्यांची इच्छा होती,” ते म्हणाले.

“मग आजींना पण आणायचं ना सोबत. जळगाव दाखवायचं.”

“त्या नाहीत आता.”

कामिनीनं पेन खाली ठेवलं. मग उठून स्वतः खुर्ची ओढून दिली आणि अर्ज आपल्या हातानं लिहिला. म्हणाली, “आमच्याकडून हा पुढे जाईल. पण सोबत नोकरी केलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागेल. आहे कोणी?”

असा एकच माणूस उरला होता. धुळ्याचा प्रेमराज, त्या वेळचा गाड्यांचा मिस्त्री. आबा सरळ धुळ्याची गाडी धरून त्याच्या दारात उभे राहिले.

“अभिमन्या!” प्रेमराज ओरडला. “जिवंत आहेस?”

“कागदावर नाही. कागदावर आचारी आहे.”

प्रेमराज इतका हसला, की त्याला ठसका लागला. मग त्यानं वकील गाठला आणि जबानी सांगायला बसला. त्याची जबानी म्हणजे एक पर्वणी. सुरुवातीला प्रेमराजनं बर्फात इंजिन कसं उघडलं, मग प्रेमराजच्या हाताला साहेब कसे मानायचे, मग प्रेमराजला पदक कसं थोडक्यात हुकलं. तिसऱ्या पानावर अभिमन नावाचा एक ड्रायव्हर ओझरता येऊन गेला.

“शेवटी लिहा, भरीत फार उत्तम करतो,” प्रेमराज म्हणाला.

“अरे बाबा, तेच तर काढायचंय!”

“पण खरं आहे ना? शपथेवर सांगतोय, खोटं कसं बोलू?”

बऱ्याच घासाघाशीनंतर भरीत वगळण्यात आलं. निघताना प्रेमराजनं विचारलं, “वहिनी काय म्हणतात?” आबांनी सांगितलं. प्रेमराजनं जबानीचे कागद नीट जुळवून त्यांच्या हातात दिले. मग म्हणाला, “लवकर यायचं होतंस रे. मी इथंच होतो की.”

खरंच होता. धुळं काही पहाडात नव्हतं.

पावसाळा संपता संपता उत्तर आलं. वरच्या कचेरीनं खोलात जाऊन तपासलं होतं. इतकं खोलात, की तो हिवाळाही सापडला. कागदावर लिहिलं होतं : ड्रायव्हर, लंगरमधील एका हिवाळ्याचा काळ वगळून.

आबांनी धोतर बदललं, टोपी घातली आणि कागद घेऊन थेट कुंदाबाईंच्या ओट्यावर गेले. काय काय बोलायचं ते ठरलेलं होतं. कुंदाबाई आता फार थकल्या होत्या. उन्हात बसून त्या शेंगा फोडत होत्या.

“अक्का, हे वाचून दाखवतो. ऐका.” त्यांनी वाचलं.

“म्हंजे तुम्ही चुलवर नव्हतात, भाऊ?”

“एकच हिवाळा होतो. बाकी सगळी वर्षं घाटात ट्रकवर. आणि तुम्ही कमलला म्हणायचात, चूल फुंकणाऱ्याला कसलं मरण.”

“हा, म्हनूत ना आम्ही.” कुंदाबाईंनी शेंगा फोडणं थांबवलं नाही. “रेडिओ लागना, का तिनी भाकर तव्यावर करपे. जेवन तसंच राहे. मंग काय सांगतूत तिले? दरी खोल शे, आसं सांगतूत?”

आबांनी कागदाची घडी घातली. कुंदाबाई आता सारवासारव करत आहेत, की तेव्हाही मनात हेच होतं, ते त्यांना ओळखता येईना. चेहऱ्यावरून तर काही कळत नव्हतं.

“तिला तो टोमणा वाटायचा,” ते म्हणाले.

कुंदाबाईंचे हात थांबले.

“आसं? मंग माले का बोलनी नही ती कधी?”

“मला बोलायची.”

“तुम्ही काय म्हने?”

“बघू म्हणायचो.”

ओट्याखाली कोंबडी टरफलं उकरत होती. कुंदाबाईंनी तिला हाकललं नाही. मग त्यांनी विचारलं, “खरंच खोल व्हती का हो ती दरी?”

“खाली गेलेला ट्रक दिसायचा नाही, अक्का.”

“मंग कमल खरी व्हती,” कुंदाबाई म्हणाल्या.

आबांनी मान हलवली. एवढं एकच वाक्य हवं होतं, आणि ते आज, भर दुपारी, भर गल्लीत बोललं गेलं. ऐकायला मात्र कमलबाई नव्हत्या; ‘बघू’ म्हणणारा तेवढा हजर होता.