कॉलरचा साचा

वडिलांचा जन्म परदेशातला, त्यामुळे शिंपीणबाईंना तिथलं नागरिकत्व मिळणार होतं. पण वडिलांचा जन्मदाखलाच सापडेना. महिनाभर ट्रंका उपसल्या, आणि मिळाला कुठे, तर मशीनवरच्या खिळ्याला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! "परत कोण जातंय तिकडे?" म्हणत बाबांनी त्या जाड कागदाचा कॉलरचा साचा कापला होता, आणि ते गेल्यावर तीस वर्षं बाईही त्यावरूनच कॉलरी कापत होत्या. खडूचं पूट झटकलं तेव्हा नाव, तारीख आणि शिक्का दिसला. नशीब, तेवढं कात्रीतून वाचलं होतं.

वकिलातीच्या खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट पाहिला. "चालेल. पण हा इथेच जमा होईल, परत मिळणार नाही."

"मग थांबा जरा."

"बाई, मागे रांग आहे."

"असू दे की! बाबांच्या दुकानातही असायची. म्हणून काय ते वेडंवाकडं कापायचे?"

कानामागची पेन्सिल काढून बाईंनी वर्तमानपत्रावर साचा ठेवला आणि कडेने रेघ ओढली. धरून धरून बाबांच्या अंगठ्याने एके ठिकाणी कड झिजली होती. तिथली रेघ सरळ करणं सोपं होतं. बाईंनी ती केली नाही.