दोन बोटे जागा

फुकीने सुरीचे टोक माशाच्या शेपटाकडे टेकवले आणि एका दमात गळ्यापर्यंत नेले. पोट सरळ उघडले. लालबुंद गाभोळी तिच्या तळहातावर अलगद उतरली. एकही दाणा फुटला नाही. हाकोदाते बंदराच्या धक्क्यावर तिने लहानपणापासून हेच केले होते. लग्न होऊन मुराकामीला आल्यापासून आपल्याला येणारे काहीतरी करायला मिळण्याची ही पहिलीच वेळ. कोणीतरी कौतुक करील म्हणून तिने मान वर केली.

मागच्या अंगणातले सगळे हात थांबले होते. सासू शिगे मिठाची मूठ तशीच धरून होती. नवरा एइजी पाण्याची बादली खाली ठेवायला विसरला होता. सासरे गेनपेई उठले. त्यांनी फुकीच्या फळीवरचा मासा दोन्ही हातांनी उचलला, फडक्यात गुंडाळला आणि आत नेऊन ठेवला. परत आले ते तिच्यासमोर हात पुढे करून उभे राहिले. तिने सुरी त्यांच्या हातात दिली.

"तू मीठ आणत जा," ते म्हणाले.

दुपारी कोठीत पोती रचताना तिने एइजीला गाठले.

"माझं चुकलं काय?"

"पोट पूर्ण चिरायचं नसतं. मध्ये दोन बोटं जागा सोडायची. अर्धं अलीकडून, अर्धं पलीकडून."

"का?"

"किल्ल्याचं गाव आहे हे. सामुरायांचं. इथे चिरलेलं पोट कुणाला बघवत नाही."

"माशाचंसुद्धा?"

"माशाचंसुद्धा."

"पण असं अर्धवट चिरलं तर आतली सफाई कशी करायची? वारा कसा लागायचा?"

एइजीने पोते खाली टाकले. "हे बघ फुकी, माझं डोकं हवं तेवढं खा. बाबांना मात्र काही विचारू नकोस."

"का?" हा फुकीचा जन्माचा रोग होता. तिचे वडील म्हणत, या पोरीला घास भरवला तर तो कुठून आला हे विचारल्याशिवाय ती गिळायची नाही. त्या दिवसापासून ती मिठाच्या टोपल्या वाहू लागली आणि वाहता वाहता गावाकडे बघू लागली.

नोव्हेंबर सरत आला होता. मिओमोते नदीत सॅमन चढत होते. समुद्रावरून येणारा बोचरा वारा गल्ल्यांमधून फिरायचा आणि घरोघरी वळचणीखाली शेपटाला दोरी बांधून उलटे टांगलेले मासे हळूहळू गिरक्या घ्यायचे. प्रत्येकाच्या पोटात दोन फटी, आणि मध्ये कातडीचा जोड. किल्ला केव्हाच गेला होता. टेकडीवर दगडी तट तेवढे उरले होते आणि त्यांच्यावर कावळे. सामुरायांचे नातू-पणतू कोणी पोस्टात होते, कोणी चहाची झुडपे लावत होते. पण गावातला मासा न् मासा अजून त्यांची अदब राखून होता.

"छे गं, कसले सामुराय!" कोपऱ्यावरची तोफूवाली म्हणाली. "मधे जोडलेला असला की वाळताना मासा वाकडा होत नाही, एवढंच." मग तोंडाला पदर लावावा तशी बाही लावून ती हसली. "पण तुझी कीर्ती पुलापलीकडे गेलीय हो. म्हणतात, हाकोदातेच्या सुनेनं आल्या आल्या एकाला हाराकिरी करायला लावली!"

फुकीलाही हसू आले. देवळातल्या भटजींनी तिसरेच सांगितले: समुद्रात एवढा भटकून जो आपल्या नदीला परत येतो, त्याच्या अंगावर दयेची खूण ठेवायची. तिन्ही उत्तरे तिला आवडली. पण एकही सासऱ्यांना लागू पडेना. चालीरीत मोडली म्हणून रागावलेला माणूस आवाज चढवतो, वस्तू आपटतो. गेनपेईंनी तो मासा झोपलेले मूल उचलावे तसा उचलला होता.

वर्षअखेरीच्या भेटी पोचवायला निघाले तेव्हा सासूने तिला सामुराय आळीत इनागाकीबाईंकडे पाठवले. बाई सत्तरीच्या, एकट्या. पणजोबा किल्ल्यावर मोठ्या हुद्द्यावर होते असे गाव सांगे. आता बाई मुलींना शिवण शिकवत. त्यांनी मासा दोन्ही हातांनी घेतला, उजेडाकडे धरून त्याच्या पोटावरचा जोड पाहिला आणि स्वतःशीच मान हलवली.

"गेनपेईच्या घरचा असा मासा बघितला की अजून मला चुकल्यासारखं होतं."

"का?"

"तुला कुणी सांगितलं नाही? अगं, तुझा सासरा म्हणजे एक नंबरचा वात्रट माणूस. सगळा गाव पोटं जोडून ठेवायचा, आणि हा दुकानावर मुद्दाम उभे फाडलेले मासे टांगायचा. आमच्या आळीतलं कुणी समोरून गेलं की मोठ्यानं ओरडायचा, 'सामुराय पोट कापतात, आम्ही पोट भरतो!' माझे वडील संतापायचे. आणि घरी येऊन हळूच हसायचे."

फुकी चपलांत पाय घालायची थांबली.

"मग बदलले कधी?"

"युद्धानंतर. थोरला गेला ना त्यांचा, मासातोशी. नौदलात होता. त्या वर्षीपासून बघ, एक मासा कधी पुरता चिरला नाही गेनपेईनं. आम्ही म्हटलं, चला, उशिरा का होईना, गावाचा मान ठेवला."

परत येताना फुकी पुलावर उभी राहिली. खाली उथळ पाण्यात मासे प्रवाहाविरुद्ध अंग घासत होते. वात्रट गेनपेई. तिने ते मनात आणून पाहिले. जेवताना वाटीतून डोके वर न काढणारा तो माणूस दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून ओरडतो आहे. तिला ते इतके आवडले की घरी पोचेपर्यंत तिच्या चेहऱ्यावर हसू होते. तिला वाटले, सापडली. या बंद घराची कडी आपल्याला सापडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसले. भाजलेल्या माशाचा वास घरभर होता. गेनपेईंनी वाटी पुढे केली. त्यात भात वाढताना फुकी उत्साहाने म्हणाली,

"घ्या, बाबा. सामुराय पोट कापतात, आपण पोट भरतो!"

एइजीने तिच्याकडे पाहिले. शिगेचा हात सूपच्या पातेल्यावर राहिला. गेनपेईंनी जेवणाच्या काड्या खाली ठेवल्या, अगदी सरळ, एकमेकींना लागून. वाटी ठेवली. उठून त्यांनी खुंटीवरचा कोट काढला आणि ते मागच्या दाराने निघून गेले. शिगेने त्यांच्या भातावर झाकण ठेवले.

अंधार पडता पडता ते आले तेव्हा त्यांच्या कोटाला समुद्राचा वास होता.

"माफ करा, बाबा," फुकी दारातच गुडघ्यांवर बसून म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं." काय ठाऊक नव्हते हेही तिला ठाऊक नव्हते.

त्यांनी कोट खुंटीवर अडकवला. "तू हसत होतीस," ते म्हणाले. "तेव्हा आम्हीही हसायचो." आणि आत गेले.

सकाळी फुकी अंगणात आली तेव्हा ते नदीवर गेले होते. तिच्या फळीवर त्यांची सुरी पडलेली होती, मूठ तिच्या बाजूला. ती उचलून आत ठेवायला निघाली तर नळाशी बसलेली शिगे म्हणाली,

"राहू दे तिथेच. विसरले नाहीत ते. बैस."

खारवलेल्या माशांचे मीठ धुवून काढायचे होते. दोघी समोरासमोर बसल्या. पाणी इतके गार होते की बोटे लगेच लाल झाली. शिगेने एका माशाच्या पाठीवरून ब्रश फिरवत बोलायला सुरुवात केली. डोळे माशावरच.

"मासातोशी शाळेत सामुराय आळीतल्या पोरांबरोबर होता. ह्यांचं ते वाक्य सगळ्या गावाला पाठ. पोरं त्याला म्हणायची, तुम्ही काय, पोट भरणारे! पोट कापणं तुम्हाला कसं जमणार? घरी कधी रडत आला नाही. एकदाच मला म्हणाला, बाबांना सांग ना, दुकानावर तसं ओरडू नका. मी ह्यांना सांगितलं. हे हसले. म्हणाले, पोरांचं बोलणं ते, आज आहे, उद्या नाही."

तिने मासा उलटा केला.

"आम्हाला वाटलं, बोटीबरोबर बुडाला असेल. एवढ्यांची पोरं बुडाली. पण युद्ध संपल्यावर, पहिले मासे चढायला लागले होते तेव्हा, त्याच्या तुकडीतला एक मुलगा आला. त्याच्या केसांची पुडी घेऊन. मासातोशी युद्धात मारला गेलाच नव्हता गं. युद्ध संपल्यावर गेला. रेडिओवर सम्राटांचं शरणागतीचं बोलणं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुरी घेऊन तळावरच्या पाइनच्या झाडाखाली बसला. तो मुलगा ताठ बसून सांगत होता. म्हणाला, अगदी खऱ्या सामुरायासारखा गेला, तुम्हाला अभिमान वाटेल. ह्यांनी त्याला चहा दिला. कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेले. कमरेत वाकून नमस्कार केला त्याला."

नळ वाहत होता. फुकीने तो बंद केला नाही.

"दुसऱ्या दिवशी ह्यांनी मासा घेतला, सुरी लावली, आणि अर्ध्यावर हात थांबला. मला वाटलं, आता सुरी टाकून देतील. पण नाही. उचलली, थोडी जागा सोडून पुढे टेकवली. गावाला वाटलं, मुलाचा अभिमान. मीही वाटू दिलं. एइजीला आम्ही एवढंच सांगितलं, युद्धात गेला. ह्यांच्याशी मी आजवर एक शब्द बोलले नाही त्यावर, आणि हे माझ्याशी नाहीत. कुणी विचारलंच नाही. तू आल्यापासून का, का करत फिरतेस. मला धाकधूक व्हायची. आणि वाटायचं, विचारू दे एकदा कुणीतरी."

फुकीला पहिल्यांदाच काही विचारावेसे वाटले नाही. तिने शिगेच्या हातातला ब्रश घेतला. शिगेने घेऊ दिला. तिचे हात मोकळे झाले तसे ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना. तिने ते ॲप्रनच्या खाली घातले. मग ती इकडेतिकडे बघून, दुकानात गिऱ्हाईक नाही ना याची खात्री करून, पुढे वाकली.

"एक विचारू का तुला? इथल्या कुणाला विचारता येत नाही. तुमच्या धक्क्यावर म्हणे जिवंत मासे यायचे, उड्या मारत."

"हो, आई."

"मग सुरी आत गेली, की..." तिने वाक्य मध्येच सोडले आणि पुन्हा धरले. "लगेच संपतं का गं?"

धक्क्यावरच्या सकाळी फुकीच्या हातांना आठवत होत्या. फळीवर उघडे पडूनही कितीतरी वेळ उघडझाप करणारे कल्ले. शेपटाचे ते आपटणे.

"धार चांगली असली ना, आई," ती म्हणाली, "तर लगेच."

शिगेने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले, बराच वेळ. मग तिचे खांदे किंचित खाली आले.

"धार लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता," ती म्हणाली. "दुकानातल्या सगळ्या सुऱ्या तोच लावायचा."

आणि ती पुढचा मासा घ्यायला उठली.