गाठीखालचा नंबर

तळोज्याच्या कारखान्यातला स्टोअरकीपर मधुकर पदकांपायी येडा झालाय, असं त्याची बायको उगाच म्हणत नव्हती. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी शिपायांना दिलेली पदकं तो भंगारातून हुडकायचा आणि कडेवर कोरलेल्या नंबरावरून माणूस शोधायचा. कळंबोलीच्या भंगारात त्याला एक काशाचं पदक गावलं. २४१७, शिपाई किसन. झालं! तीन वर्षं, अकरा पत्रं. शेवटी सत्त्याऐंशीत लष्कराच्या दफ्तरातून उत्तर आलं: तालुका महाड, इराकातल्या बसऱ्याच्या इस्पितळात तापानं मृत्यू, दोन पदकं घरी रवाना. म्हणजे जोडीचं चांदीचं कुठंतरी होतं! ते मिळवायचंच, असं त्यानं मनाशी घेतलं.

महाडात लढाईवर गेलेले किसन तीन निघाले. दोघांच्या घरची पदकं भलत्याच नंबरांची. तिसऱ्याची लेक चांगुणाबाई मात्र कळंबोलीतच, सिडकोच्या खोलीत मुलाकडं राहत होती. काखेत कळसा! मधुकर सायकलवरनं असा सुटला, की चपलेचा अंगठा तुटला तरी थांबला नाही.

भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली चांदीचं पदक टांगलेलं होतं. वरची कडी तुटलेली, म्हणून दोऱ्यानं आवळलेलं. मधुकरनं कड बघितली आणि कपाळावर हात मारला. कड गुळगुळीत!

"दरसाल चौदा एप्रिलला चिंच नि राख लावून घासते," म्हातारी कौतुकानं म्हणाली. "आरशावानी हाय ना?"

"आजी, बापाचं नावच घासून टाकलंत हो!"

तिचा चेहरा उतरला. "तरीच. गाव म्हनायचं, बिल्ला कुनाचा कोन जाने, किसन तर पलटनीतून पळाला. दुसरा बिल्ला आईनं भातापायी दिला, पन ह्यो न्हाय. पळपुट्याची बायको म्हनूनच मेली ती."

मधुकरचं लक्ष दोऱ्यावर गेलं. "आजी, हा दोरा सोडा!"

"अजाबात न्हाय. आईची गाठ हाय. साठ वर्सांत कुनी सोडली न्हाय."

"अहो म्हणूनच! तिथं चिंच पोचलीच नसेल!"

म्हातारी फोटोकडं बघत राहिली. मग पदक घेऊन गाठ सोडायला बसली. सुटेना, तशी तिनं दात लावले. दोरा निघाला. खाली काळी पट्टी होती, आणि पट्टीत चार आकडे.

"दोन, चार, एक, सात!" मधुकर एवढ्यानं ओरडला, की शेजारची अख्तरुन्निसा धावत आली. त्यानं लष्कराचं पत्र काढून मराठीत सांगितलं.

"म्हंजे पळाला न्हाय?"

"तापानं गेला, आजी. पलटणीत असतानाच."

चांगुणाबाई पदराला तोंड पुसत दारात गेली. "ऐकलंस का गं? माजा बाप पळाला न्हाय!" खालच्या ट्रकवाल्यांनीही वर बघितलं. तिला आणखी मोठ्यानं ओरडायचं होतं, पण रडू आलं.

मधुकर चांदीचं पदक मागायला आला होता. त्यानं खिशातलं काशाचं काढलं, एकदा अंगठा फिरवला आणि तिच्या हातात ठेवलं. जीव तुटला त्याचा, पण हात मागं घेतला नाही.

तिनं दोन्ही पदकं त्याच दोऱ्यात बांधली.

"आजी, चौदा एप्रिलला नुसतं फडकं हं. चिंच नको!"

"चिंच लावतेय व्हय आता!" ती गाठ आवळत म्हणाली. "नाव हाय त्यावर."