ज्या बाकावर चुन पडला

मित्रांनो, मी लाकडाचा एक लांबट बाक आहे. मला पाठ नाही, हात नाहीत आणि चार पायांपैकी एक झिजून आखूड झाला आहे. माझ्यावर कुणी बसले की मी जरासा कलतो आणि बसणारा दचकतो. हल्ली तेही होत नाही. एका गोदामाच्या कोपऱ्यात माझ्यावर रंगाचे डबे ठेवलेले असतात. ते दचकत नाहीत.

कौलून शहरातल्या लिउ मिस्त्रींनी मला कापराच्या झाडाच्या लाकडातून घडवले. खिळा एकही नाही, सगळे सांधे खाचेत खाच बसवून जुळवलेले. "हा आपल्या दोघांना पुरून उरेल," असे मिस्त्री आपल्या बायकोला म्हणाले आणि तसेच झाले. पहिली पुष्कळ वर्षे मी एका चहाघरात काढली. सकाळी म्हातारी माणसे आपापल्या पाखरांचे पिंजरे आढ्याला टांगत, माझ्यावर टेकत आणि वाफवलेले पाव खात खात सुनांच्या कागाळ्या करत. पुढे मालकाने पत्र्याच्या खुर्च्या आणल्या आणि आम्हा बाकांची रवानगी डोंगरावरच्या सिनेमा स्टुडिओत झाली.

तिथे मारामारीचे विनोदी सिनेमे निघत. भित्रा शिकाऊ, दारुडा स्वयंपाकी, ढेरपोट्या गुंड आणि त्यांच्या मधे मी. कुणी मला गरगर फिरवी, कुणी माझ्याखालून सुळकन निसटे, कुणी माझ्यावर उभा राहून समोरच्याच्या वाडग्यातल्या शेवया पळवी. स्टुडिओत माझ्यासारखी दिसणारी भावंडे रोज तयार होत. हलक्या, भुसभुशीत लाकडाची, डोक्यावर आपटताच तुकडे व्हावेत म्हणूनच बनवलेली. मी मात्र अस्सल. कॅमेरा जवळ आला की मला बोलावत. माझी लढाई बघून लोक टाळ्या वाजवतात, असे ऐकले की मला आनंद होई. खोटे कशाला बोलू?

एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगायला हवी. त्या काळी आमच्याकडे चित्रण मुकेच चाले. आवाज नंतर एका बंद खोलीत भरत आणि तेही बहुधा दुसऱ्याच माणसांचे. त्यामुळे कॅमेरा चालू असतानाही सगळे खुशाल ओरडत असत. दिग्दर्शक ताल मोजे, कुणी चहा मागवी, मार खाणारा मारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. यात सगळ्यात पटाईत होता याउ काम-चुन. उंचावरून पडता पडता तो असे काही बोले की कॅमेरावाल्याचेही खांदे हलत.

चुन नायकाच्या जागी उड्या मारायचा. नायकाचेच कपडे, नायकाचीच लांब वेणी. दिग्दर्शक सेक विंग-लोक हा त्याचा थोरला गुरुबंधू. एकाच गुरुजींच्या छडीखाली दोघे वाढलेले. चुन त्याला दादा म्हणे आणि दादाला नाही म्हणायची रीत त्यांच्यात नव्हती.

चुनची आई लहान लहान व्रते मनापासून पाळणारी बाई होती. पहिल्या आणि पंधराव्या तिथीला निव्वळ शाकाहार, रोज करुणेच्या देवीला उदबत्ती. चुनचा बाप इमारतींना बांबूच्या परांच्या बांधायचा. एक दिवस तो वरून पडला आणि गेला. तेव्हा त्या माउलीने मुलाचा हात देवीच्या पायांवर ठेवून शब्द घेतला होता की तू उंचावरून उडी मारणार नाहीस. चुनने शब्द दिला, आणि पोटासाठी रोज मोडला. आईला वाटे, मुलगा जमिनीवरच्या मारामाऱ्या करतो.

नव्या सिनेमाच्या पहिल्या दिवशी रिवाजाप्रमाणे पूजा झाली. भाजलेले डुक्कर मांडले, उदबत्त्या लावल्या, कुणाला इजा होऊ नये म्हणून सगळ्यांनी वाकून मागणे मागितले. त्या धुरात मीही उभा होतो. देव ऐकतो, यावर माझा आजही विश्वास आहे. पण माणसे मागून झाले की पाठ फिरवतात, मग त्याने कुणाच्या हाताने सांभाळायचे?

प्रसंग असा होता. मधोमध दगडी उखळ, त्यावर मी आडवा. माझ्या एका टोकाला पिठाचे पातेले. नायकाने माडीवरून दुसऱ्या टोकावर उडी मारायची, म्हणजे पातेले उडून गुंडाच्या तोंडावर बसेल. बाजूला पुठ्ठ्याची खोकी रचून वर चटई टाकली होती. चुन दोनदा उडाला, दोन्ही वेळा पायांवर नीट उतरला आणि खोक्यांवर लोळला. तोवर तो पिठाने पांढराफटक झाला होता.

"छान आहे," दादा म्हणाला, "पण हसू येत नाही. या खेपेला बसता बसता पड. ढुंगणावर."

"दादा, बाक खरा आहे."

"म्हणून तर. पोकळ बाक उडतो कागदासारखा. लोकांना कळतं."

"आणि माझं ढुंगण पण खरंच आहे," चुन म्हणाला आणि सगळे हसले. तो माडीवर चढला.

पिठामुळे कठड्यावरून त्याचा पाय सटकला. तो बसता बसता पडला नाही. तो पाठीने पडला, थेट माझ्या कडेवर. मिस्त्रींनी मला न मोडण्यासाठी घडवले होते. मी मोडलो नाही.

"थांबवा," तो ओरडला. "दादा, थांबव. माझे पाय हलत नाहीत."

"मग हातांवर चालून दाखव," गुंड झालेला माणूस म्हणाला. हशा पिकला. चुन कोपरांवर सरकू लागला, पुन्हा आडवा झाला, पुन्हा ओरडला. ते जितके हसले तितका तो ओरडला, आणि तो जितका ओरडला तितके ते हसले. कॅमेरा चालूच होता. पिठावरून ओघळणारे त्याच्या डोळ्यांतले पाणी सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आले. कारण ते माझ्यावर पडले.

पुढे तो काठीवर चालू लागला, एक पाय ओढत. आईला सांगितले, चाळीच्या जिन्यावरून घसरलो.

सिनेमा पुरा झाल्यावर मला आवाज भरायच्या खोलीबाहेर ठेवले होते. एक दिवस चुन काठी टेकत आला आणि माझ्यावर बसला. आतून बदकाचा क्वॅक क्वॅक आवाज आणि पाठोपाठ हसणे ऐकू येत होते. सेकदादा डोळे पुसत बाहेर आला आणि चुनला बघून गप्प झाला.

"एक मागणं आहे, दादा."

"माग की. रजा तेवढी मागू नकोस, ती देवाने दिलीच आहे."

चुन हसला. हसायचीच रीत होती. "शेवटी नावं येतात तेव्हा चुकलेल्या उड्या दाखवणार आहात म्हणे. माझी ती काढून टाक. नववर्षाला आई येणार बघायला. तिला जिना सांगितलाय मी. देवीसमोर शब्द दिलाय रे तिला. कळलं तर ती जगायची नाही."

दादाने त्याच्या काठीकडे बघितले. "काढायला सांगतो," म्हणाला.

त्याने सांगितलेही असेल. पण स्टुडिओच्या मालकांनी सिनेमा बघितला तेव्हा सगळ्यात जास्त हसू त्याच ठिकाणी आले. मग कोण काढतो? चुनला कळवायचे मात्र कुणालाच सुचले नाही. सिनेमागृहाच्या दाराशी लोकांनी फोटो काढावेत म्हणून मला तिकडे नेताना हमालांच्या तोंडून मी हे ऐकले. मला वाचा असती तर मी कळवले असते.

नववर्षाच्या दुपारी मायलेक आले. आईने नवे लाल जाकीट घातले होते. दारावरचा माणूस तिकिटे फाडत म्हणाला, "मावशी, नावं सुरू झाली की उठू नका हां. खरी गंमत तिथेच आहे. एक जण बाकावर आपटतो, पोट धरून हसाल."

चुनने आईचा दंड धरला. "आई, घरी जाऊ या. पाठ दुखतेय."

"आता कुठं दुखायला लागली? तिकीट फाटलं की. तू बैस इथे, मी येते बघून. वर्षाचा पहिला दिवस आहे, उदास नको राहूस बाबा."

ती आत गेली. चुन माझ्यावर बसला. मी कलल्यावर तो दचकला नाही. आतल्या प्रत्येक हशाला त्याची मूठ काठीवर आवळली जाई. शेवटी संगीत वाजले, बदक ओरडले आणि आधीच्या सगळ्या हशांपेक्षा मोठा हशा झाला. मग दारे उघडली.

आई पदराने पुसावेत तसे बाहीने डोळे पुसत बाहेर आली. चुन धडपडत उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पिठाशिवाय.

"आई, मी तुला सांगणारच होतो. मला माफ..."

"अरे, हसून हसून पाणी आलं डोळ्यांना," आई म्हणाली. ती त्याच्या खांद्याला धरून धापा टाकत होती. "तो मेला पांढरा भुतासारखा. पडतो काय, सरपटतो काय, आणि बदकासारखा ओरडतो. त्याला उठताच येईना. शेजारची बाई तर खुर्चीवरून खाली आली. तू बघायला हवं होतंस."

काठी मला टेकवून चुनने तिला सावरले.

"लागत नाही ना रे त्यांना?"

"नाही," तो म्हणाला. "खाली गाद्या असतात."

"मग बरं. घरी गेल्यावर देवीला उदबत्ती लावते. किती दिवसांनी इतकी हसले मी." तिने त्याची काठी त्याच्या हातात नीट दिली आणि दोघे पायऱ्या उतरून गेले, ती पुढे, तो पाय ओढत मागे. माझ्यावर लगेच कुणी तरी फोटोसाठी बसले.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, हे रंगाचे डबेही काढू नका. मला त्याची गरज नाही. एवढेच करा. कुणी पडले आणि सगळे हसू लागले, तर तुम्ही क्षणभर थांबा आणि तो उठतो का ते बघा. आवाजावर जाऊ नका. आवाज कुणाचाही भरतात.