बिनपगारी माणसांची मुकादम

तिला मुकादम हे नाव ठेवलं मोठ्या दिरांनी, भर जेवणात. नवी नोकरी कसली म्हणून त्यांनी विचारलं आणि तिने सांगितलं, की इस्पितळात जे लोक पगार न घेता मदतीला येतात, त्यांना कामाला लावायचं, शिकवायचं, सांभाळायचं. दिरांचा घास हातातच राहिला.

"म्हणजे फुकट काम करणाऱ्यांवर देखरेख करायचा तुला पगार? बिनपगारी माणसांची मुकादम!"

घरभर हशा पिकला. तीही हसली. मनात म्हणाली, हसा, मुकादमाशिवाय कुठलं बांधकाम उभं राहिलंय?

आणि खरंच, ती रुजू झाली तेव्हा इस्पितळात नुसता सावळागोंधळ होता. मदतीला येणारे आपल्या सवडीने यायचे. सुट्टीच्या सकाळी एका व्हीलचेअरला तिघं ढकलणारे आणि आठवडा सुरू झाला की चिटपाखरू नाही. एक बाई तर कॅन्सरच्या वॉर्डात रुग्णांच्या आधी स्वतःच रडायला लागायच्या आणि नर्सना रुग्ण सोडून त्यांची समजूत काढत बसावं लागायचं. मुकादमने एकेकाला समोर बसवून बोलतं केलं. कोणाला बोलायला आवडतं, कोणाला नुसतं शेजारी बसता येतं, कोणाला रक्त बघवत नाही, हे जाणून घेऊन कामं लावली. रडणाऱ्या बाईंना तिने बाळंतिणींच्या वॉर्डात पाठवलं. तिथे त्यांचे डोळे भरून आले तरी कोणाचं बिघडत नव्हतं. सुरुवातीला 'ही लुडबुड कशाला' म्हणून नाकं मुरडणाऱ्या नर्स वर्षभरात तिला आपण होऊन फोन करू लागल्या.

तिची खोली म्हणजे पूर्वीची चादरींची कोठी. भिंतींना अजून खळीचा वास यायचा. पगाराच्या कागदावर तिचा हुद्दा 'स्वागतकक्ष सहायक' असा होता, कारण ती जे काम करायची त्याला इस्पितळाच्या लेखी नावच नव्हतं. अधीक्षक म्हणजे नावाजलेले सर्जन, माणूस सज्जन. पण त्यांना वाटायचं, चार गोड शब्द आणि कपभर चहा दिला की मदतनीस खूश. त्यासाठी वेगळं माणूस कशाला? मदतनिसांच्या प्रशिक्षणासाठी तिने दोनतीनदा खोली मागितली, तेव्हा 'फुकट येणाऱ्यांना शाळेत बसवायचं का?' म्हणून त्यांनी विषय उडवून लावला होता.

अशातच तिचे सासरे मदतीला येऊ लागले. आयुष्यभर सरकारी नकाशे काढलेला माणूस. निवृत्तीनंतर घरात भिंती मोजत बसले होते. तिने त्यांनाही इतरांसारखंच समोर बसवून प्रश्न विचारले आणि बाह्यरुग्ण विभागाच्या दालनात वाट दाखवायचं काम दिलं. उंच बांधा, पांढऱ्या मिशा, भारदस्त आवाज. कुठला विभाग कुठल्या मजल्यावर, हे त्यांना दोन दिवसांत तोंडपाठ झालं. लोक त्यांच्याभोवती जमू लागले आणि बाबांची छाती फुगली.

मग तो टॅक्सीवाला आला. छातीत दुखतंय म्हणून आला होता, डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. रांग लांब होती. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि सांगितलं, गॅस असेल, तुमच्या वयात एवढ्या तपासण्या कशाला, घरी जाऊन विश्रांती घ्या. टॅक्सीवाला सुटलो म्हणून घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याला स्ट्रेचरवरून आणलं. वाचला, पण थोडक्यात. त्याची बायको काउंटरवर येऊन विचारत होती, "ते पांढऱ्या मिशांचे मोठे डॉक्टर कुठे बसतात?"

ते डॉक्टर म्हणजे बाबाच, हे मुकादमला लगेच कळलं. घरचा माणूस म्हणून लाज वाटलीच. पण त्याआधी तिला वाटलं, हे माझ्या खात्यात झालं.

अधीक्षकांनी तिला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं, म्हातारे गृहस्थ आहेत, चांगल्या भावनेने बोलून गेले, मी त्यांच्या कानावर घालतो. तुम्ही यात पडू नका, घरात वितुष्ट येईल. शिवाय नव्या महिन्यापासून मदतनिसांचं काम तुमच्याकडून निघून स्वागतकक्षातल्या बाकीच्यांकडेच जाणार आहे.

"घरातलं घरी, सर," ती म्हणाली. "हे इस्पितळातलं आहे आणि माझं आहे. पगार देत नाही म्हणून बोलायचं नाही असं आपण ठरवलं, तर उद्या त्या टॅक्सीवाल्याच्या बायकोने कोणाला जाब विचारायचा?" आणि काम कोणाकडे द्यायचं हे ठरण्याआधी कार्यकारी समितीपुढे आपल्याला बोलू द्यावं, हेही तिने तिथेच मागून घेतलं. अधीक्षक जरा चपापले, पण हो म्हणाले.

सासऱ्यांशी ती घरी बोलली नाही. त्यांना चादरींच्या कोठीत बोलावलं, खुर्ची दिली आणि काय घडलं ते आडपडदा न ठेवता सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. मग ताठ झाला.

"मला काय पगार मिळतो का इथे?"

"नाही. पण त्या माणसाने तुमचं ऐकलं, ते तुमच्या गळ्यातलं इस्पितळाचं ओळखपत्र बघून. बाबा, उद्यापासून दालनात येऊ नका."

"हे सून सांगते आहे?"

"सून घरी आहे. इथे हे काम बघणारी मी आहे."

त्यांनी ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि ते निघून गेले. तिने ते खणात टाकलं, पाणी प्यायली आणि उरलेल्या दिवसाची कामं उरकली.

घरी तोंडाला कुलूप. बाबा ताटात बघून जेवत, मीठ हवं असलं तरी नातवाकरवी मागवत. नवऱ्याने, मला मध्ये ओढू नका, म्हणून सरळ हात झटकले. दिरांनी फोनवरून तिला दोन शब्द सुनावले. सासूबाई काय म्हणतात याची तिला धास्ती होती. त्या भांडी पुसताना शांतपणे म्हणाल्या, "बरं केलंस. लग्न झाल्यापासून मला औषधं सुचवतायत. मी कधी ऐकलं नाही म्हणून धडधाकट आहे." दोघी ओट्याशी तोंडावर पदर धरून हसल्या.

समितीपुढे एका सदस्याने विचारलंच, की यात शिकण्यासारखं असतं काय? हसायचं आणि आभार मानायचे. तिने टॅक्सीवाल्याची हकिगत सांगितली. सल्ला देणारे आपले सासरे होते, हेही सांगितलं. चांगल्या मनाची माणसं मिळतात, म्हणाली, पण चांगलं मन आपली हद्द ओळखतंच असं नाही. ती हद्द आखून देणं, शिकवणं, पाळायला लावणं आणि वेळ आली तर माणसाला थांबवणं, हे काम आहे. रिकाम्या वेळात उरकायचं नाही, पूर्णवेळ करायचं. मेट्रननी तिची बाजू उचलून धरली. शेवटी ठरलं: 'स्वयंसेवक व्यवस्थापक' हे पद एका वर्षासाठी, हाताखाली एक माणूस आणि प्रशिक्षणाला खोली. वर्षाअखेर अधीक्षक काम तपासणार. वर्षभराचं का होईना, नाव मिळालं. ती पायऱ्या उतरली ती जवळजवळ धावतच.

पहिल्या प्रशिक्षणाला मागच्या रांगेत बाबा येऊन बसले. इतरांसारखं तिने त्यांनाही पाणी आणि पेन दिलं. दुपारी सराव होता. कोणी औषधाचं किंवा आजाराचं विचारलं, तर म्हणायचं, 'मला माहीत नाही, पण माहीत असलेल्या माणसाकडे तुम्हाला नेतो.' सगळ्यांनी म्हटलं. बाबांची पाळी आली आणि गाडी अडली. "तसं मला थोडंफार..." त्यांनी सुरू केलं. खोली हसली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडखळले. जन्मात कधी ते तीन शब्द उच्चारले नसावेत. शेवटी घसा खाकरून, एखादं कडू औषध गिळावं तसं म्हणाले, "मला माहीत नाही." टाळ्या पडल्या. बाबा लाजले, पण बसताना त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं, बऱ्याच दिवसांनी.

दालन तिने त्यांना परत दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर पट्टी बांधून पडलेल्यांना पेपर वाचून दाखवायचं काम दिलं. तो आवाज तिथे कामी आला. मृत्युलेखांपासून हवामानापर्यंत काही सोडत नसत. एकदा ती दारातून जाताना पाहते तर एका आजोबांनी थेंब आत्ता घालायचे का असं विचारलं होतं आणि बाबा पेपरची घडी घालून नर्सला शोधायला निघाले होते.

पुढच्या काही महिन्यांत तिने शहरातल्या आपल्यासारख्यांचा पत्ता काढायला सुरुवात केली. रक्तपेढीतली एक बाई, ग्रंथालयातला एक गृहस्थ, आपत्ती आली की माणसं गोळा करणाऱ्या संस्थेतली एक तरुणी, वृद्धाश्रमातली माजी शिक्षिका. प्रत्येकाचा हुद्दा वेगळा, प्रत्येकाच्या घरी एकच प्रश्न: हे कसलं काम? सगळे प्रशिक्षणाच्या खोलीत जमले. आपली संघटना करायची, शिकवण्याचा अभ्यासक्रम ठरवायचा, विद्यापीठाचं दार ठोठावायचं, असं बोलणं चाललं होतं. शिक्षिकाबाईंना आधी नियम हवे होते, ग्रंथालयवाल्यांना आधी नाव. वाद चांगलाच रंगला.

मध्येच रक्तपेढीवालीने विचारलं, "तुमच्यापैकी कोणाला कधी एखाद्या भल्या माणसाला 'उद्यापासून येऊ नका' असं सांगावं लागलंय का?"

मग एकेक हात वर गेला. सगळ्यांचेच गेले.

"मग पहिला धडा तोच ठेवू," मुकादम म्हणाली, आणि फळ्याकडे जाऊन तिने खडू उचलला.